आयपॉप्ट पुन्हा ‘रिस्टोरेशन फेल्ड’ म्हणतोय? आधी शून्य नंबरची ओळ वाचा

“काल रात्री चालत होतं, आज सकाळी एकच आकडा बदलला आणि बंद पडलं.” अशी सुरुवात असलेला, आयपॉप्ट या ऑप्टिमायझेशनचे प्रश्न सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दलचा मेसेज मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. पाठवणारा बहुतेक वेळा एम.टेक. किंवा पीएच.डी. करणारा असतो, कधी एखाद्या प्लांटमधला कंट्रोल इंजिनिअर. सोबत स्क्रीनचा फोटो, आणि त्यात लॉगच्या फक्त शेवटच्या तीन ओळी. एकदा ‘रिस्टोरेशन फेल्ड’ असतं, एकदा ‘इनव्हॅलिड नंबर डिटेक्टेड’, एकदा ‘कन्व्हर्ज्ड टू अ पॉइंट ऑफ लोकल इनफीझिबिलिटी’. मेसेज तीन, पण दुखणं बहुधा एकच.

यापुढे मग ठरलेला क्रम असतो. टॉलरन्स सैल करून बघायचा. मॅक्स आयटर ३००० वरून ३०००० करायचा. म्यूची (सीमांपासून दूर ठेवणाऱ्या बॅरियरच्या आकड्याची) स्ट्रॅटेजी मोनोटोनवरून अ‍ॅडॅप्टिव्ह करायची. कुठून तरी एमए५७ हा आतली रेषीय समीकरणं सोडवणारा भाग मिळवून लावायचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आयपॉप्टचे डीफॉल्ट ऑप्शन बऱ्यापैकी विचार करून ठेवलेले आहेत, आणि डायनॅमिक मॉडेलच्या ऑप्टिमायझेशनमध्ये दहापैकी नऊ वेळा चूक सॉल्व्हरच्या हाती जाण्याआधीच झालेली असते. ती चूक शून्य नंबरच्या इटरेशनला, म्हणजे पहिलं पाऊल टाकण्याआधीच्या ओळीत, कधी कधी त्याच्याही आधी छापलेल्या आकड्यांत, स्वच्छ दिसते. तिथे कुणी बघत नाही एवढंच.

हवेत बोलण्यापेक्षा एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. प्रोसेस कंट्रोलच्या वर्गात सगळ्यांनी पाहिलेला ढवळता रिॲक्टर: एकच उष्णता देणारी अभिक्रिया, बाहेरून थंड पाण्याचं जॅकेट. रिॲक्टर १०० लिटरचा, प्रवाह मिनिटाला १०० लिटर. आत येणारं मिश्रण ३५० केल्व्हिनचं, १ मोल प्रति लिटर. अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी भागिले गॅस कॉन्स्टंट ८७५० केल्व्हिन. अऱ्हेनियसचा पुढचा गुणक मिनिटाला ७.२ गुणिले १० चा १० वा घात. जॅकेट ३०० केल्व्हिनवर ठेवलं की एक समतोल बिंदू अगदी गोल आकड्यात येतो: तापमान ३५०, सांद्रता ०.५. ८७५० भागिले ३५० म्हणजे २५, त्यामुळे अभिक्रियेचा वेग-स्थिरांक तिथे मिनिटाला जवळपास बरोबर १ भरतो. हाताने पडताळता येतो म्हणून हा आकडा मला आवडतो. त्याच जॅकेट-तापमानाला दुसराही एक समतोल बिंदू आहे, थंड, साधारण ३२४.५ केल्व्हिन आणि ०.८७७ मोल प्रति लिटर. आपलं काम असं: पाच मिनिटांत थंड बिंदूवरून गरम बिंदूवर यायचं, जॅकेटचं तापमान हलवून.

कॅसाडी या ऑप्टिमायझेशनच्या लायब्ररीत हे लिहायला तासभरही लागत नाही. पाच मिनिटांचे २० भाग, प्रत्येक भागात तीन कोलोकेशन बिंदू (जिथे मॉडेलची समीकरणं पाळली जायला हवीत अशा जागा), खाली आयपॉप्ट. आणि रन मारला की पहिल्याच फटक्यात ‘इनव्हॅलिड नंबर’.

शून्य केल्व्हिनचा रिॲक्टर

तुम्ही सुरुवातीचा अंदाज दिला नाहीत तर कॅसाडी प्रत्येक व्हेरिएबल शून्य धरतो. म्हणजे तापमान शून्य केल्व्हिन. आता गंमत बघा. वेगाच्या सूत्रात ८७५० भागिले शून्य आलं, ते झालं अनंत. ई चा वजा अनंतावा घात म्हणजे शून्य. म्हणजे अभिक्रिया बंद, आकडा ठीक, तक्रार नाही. फंक्शनची किंमत काढून पाहिलीत तर सगळं सुरळीत दिसतं, आणि म्हणूनच लोक गोंधळतात: “मी मॉडेल तपासलं, कुठेच नॅन येत नाहीये.” नॅन, म्हणजे ‘नॉट अ नंबर’, डेरिव्हेटिव्हमध्ये आहे. तिथे तोच शून्य गुणिले अनंत असा गुणाकार होतो, आणि संगणकाच्या हिशेबात त्याचं उत्तर नॅन. कॅसाडी हे सांगतोही. ‘जॅक जी’मध्ये (कॉन्स्ट्रेंट्सच्या, म्हणजे पाळायच्या अटींच्या, डेरिव्हेटिव्हच्या तक्त्यात) अमुक ओळ, अमुक कॉलममध्ये नॅन सापडला, अशी वॉर्निंग आयपॉप्टच्या मेसेजच्या वर कुठेतरी छापलेली असते. ओळी आणि कॉलम शून्यापासून मोजायचे, हे विसरू नका; एका घराने चुकून भलतंच समीकरण तासभर तपासल्याचं मी स्वतः केलं आहे.

यावर हमखास होणारी दुरुस्ती: “मग सगळ्यांना १ देऊन टाकू.” नॅन जातो. आता तापमान १ केल्व्हिन. ई चा वजा ८७५० वा घात डबल प्रिसिजनमध्ये मावतच नाही, सरळ शून्य होतो. या मॉडेलमध्ये साधारण ११.७ केल्व्हिनच्या खाली अभिक्रियेचा वेग नुसता छोटा नाही, तो अक्षरशः शून्य आहे आणि त्याचा डेरिव्हेटिव्हही शून्य. सॉल्व्हरच्या दृष्टीने तापमान वाढवून अभिक्रियेला काही फरकच पडत नाही. तो आंधळ्यासारखा चाचपडतो, पाच-पन्नास इटरेशननंतर रिस्टोरेशनमध्ये (उद्दिष्ट सोडून फक्त कॉन्स्ट्रेंट्स जुळवायच्या खटपटीत) जातो आणि तिथेच मरतो. म्हणजे एका जागी चूक केली, तिचं नाव ‘इनव्हॅलिड नंबर’ होतं. अर्धवट दुरुस्ती केली, तर तिचंच नाव ‘रिस्टोरेशन फेल्ड’ झालं.

“पण मी तर खालची मर्यादा दिली होती”

हा या सगळ्यातला सर्वांत जास्त छळणारा प्रकार, म्हणून जरा थांबून सांगतो.

एकाने तेच मॉडेल कॅसाडीच्या एनएलपीसॉलमध्ये लिहिलं, तापमानाला २८० ते ४०० ची मर्यादा दिली, अंदाज काहीच दिला नाही, आणि नॅन आला नाही. दुसऱ्याने तेच मॉडेल, तीच मर्यादा कॅसाडीतल्याच ऑप्टी या सोप्या पद्धतीने लिहिली, आणि त्याला पहिल्याच इटरेशनला नॅन. दोघंही एकाच लॅबमध्ये, एकमेकांच्या फाइली ओळ-ओळ ताडून बघतात, फरक सापडत नाही. मग संशय पायथनच्या आवृत्तीवर, मग लॅपटॉपवर.

फरक असा आहे. आयपॉप्टला मर्यादा दोन वाटांनी कळवता येते. एक, व्हेरिएबलची सरळ सीमा म्हणून. दोन, इतर कॉन्स्ट्रेंट्सच्या रांगेतली एक ओळ म्हणून. सीमा म्हणून दिली, तर आयपॉप्ट तुमचा सुरुवातीचा बिंदू सीमेच्या आत ढकलून मगच काम सुरू करतो. शून्य दिलं असेल तर आपल्या २८० ते ४०० च्या पट्ट्यात तो २८१.२ वर आणून ठेवतो, कारण डीफॉल्ट ‘बाउंड फ्रॅक’ ०.०१ आहे आणि १२० चा एक टक्का १.२. पुढेही तो सीमेबाहेर पाऊल टाकत नाही. सुरुवातीला सीमा १० चा वजा ८ वा घात एवढ्या प्रमाणात किंचित सैल करतो, तेवढंच. पण तीच मर्यादा रांगेतली ओळ म्हणून गेली, तर ती फक्त शेवटी पाळली जायला हवी. वाटेत कितीही मोडली तरी चालते. आणि ऑप्टी ‘सब्जेक्ट टू’मध्ये लिहिलेलं सगळं मुळात रांगेत टाकतो, साधी सीमासुद्धा. नव्या आवृत्त्यांमध्ये ‘डिटेक्ट सिंपल बाउंड्स’ नावाचा ऑप्शन आहे; तो चालू केला की साध्या सीमा ओळखून वेगळ्या काढल्या जातात. पण तो तुम्ही चालू करावा लागतो.

म्हणून मॉडेलमध्ये लॉग, वर्गमूळ, भागाकार किंवा असला घातांक असेल, तर त्याला वाचवणारी मर्यादा ही सीमाच असली पाहिजे. रांगेतली ओळ त्याला वाचवत नाही.

हे तपासायला कोड वाचायची गरज नाही. आयपॉप्ट सुरुवातीलाच छापतो: एकूण व्हेरिएबल किती, त्यातली फक्त खालची सीमा असलेली किती, दोन्ही सीमांची किती, फक्त वरची सीमा असलेली किती. आपल्या उदाहरणात तापमानाची ८१ व्हेरिएबल आहेत: प्रत्येक भागात तीन कोलोकेशनची आणि एक टोकाचं, असे २० चोक ८०, अधिक सुरुवातीचं एक. ‘फक्त वरची सीमा: ८१’ असं दिसलं, तर सुरक्षिततेची वरची मर्यादा लिहिली आणि खालची राहिली, हे तिथेच कळतं. सीमांच्या सगळ्या रकान्यांत शून्य दिसलं, तर सगळ्या सीमा रांगेत गेल्या आहेत.

आकडे जुळतात का, हे बोटांवर मोजा

तोच छापील तक्ता दुसऱ्या कामालाही येतो. आपल्याकडे दोन अवस्था (तापमान आणि सांद्रता), एक कंट्रोल (जॅकेटचं तापमान). प्रत्येक भागात आठ अवस्था-व्हेरिएबल, २० भागांची १६०, सुरुवातीची २, आणि २० कंट्रोल: एकूण १८२. समीकरणं: प्रत्येक भागात सहा कोलोकेशनची आणि दोन सांधा जुळवणारी, म्हणजे १६०, सुरुवातीच्या अवस्थेची २, एकूण १६२. वजाबाकी २०, म्हणजे नेमकी कंट्रोलच्या संख्येइतकी मोकळीक. शेवटी ३५० आणि ०.५ वर पोहोचायची सक्ती घातली, तर १८ उरते. तुमचं उत्तर याहून वेगळं येत असेल, तर सॉल्व्हरला हात लावू नका, आधी तो फरक शोधा.

हमखास सापडणारी चूक म्हणजे सुरुवातीची अवस्था दोनदा बांधणं. एकदा वरची आणि खालची सीमा सारखी ठेवून, आणि पुन्हा समीकरण म्हणून. आयपॉप्ट सीमा सारख्या असलेली व्हेरिएबल मोजणीतून काढून टाकतो. मग व्हेरिएबल १८०, समीकरणं तरीही १६२, आणि त्यातल्या दोन ओळींत आता एकही अज्ञात उरलेलं नाही. दोन्हीकडे एकच आकडा असेल तर गाडी कशीबशी चालते. एकीकडे ३२४.५ आणि दुसरीकडे सेन्सरवरून आलेला ३२४.४७ असेल, तर तो प्रश्न या जन्मात सुटणार नाही. “काल चालत होतं, आज एकच आकडा बदलला,” या तक्रारीमागे मला कितीतरी वेळा हेच सापडलं आहे.

अंदाज कुठून आणायचा

पाठ्यपुस्तकी सल्ला असा की आधी मॉडेल सिम्युलेट करा आणि तीच वाट अंदाज म्हणून द्या. सल्ला चांगला आहे. ओपनमॉडेलिका या मॉडेलिंगच्या साधनात आयपॉप्टच्या इनिटचा फ्लॅग ‘सिम’वर ठेवला की हे आपोआप होतं, पायोमो या पायथन लायब्ररीच्या डीएई भागात सिम्युलेटर चालवून ‘इनिशियलाइज मॉडेल’ म्हणायचं. मात्र आपल्या रिॲक्टरला हा सल्ला अर्धाच लागू पडतो. त्याचं कारण समजून घेतलं तर पुष्कळ कोडी एकदम सुटतात.

३५० केल्व्हिनचा तो गोल आकड्यांचा बिंदू अस्थिर आहे. तिथे मॉडेल रेषीय करून आयगेनव्हॅल्यू (छोटा फरक किती वेगाने वाढतो किंवा विरतो ते सांगणारे आकडे) काढल्या, तर एक साधारण अधिक २.८३ आणि दुसरी वजा ०.४५ येते, प्रति मिनिट. म्हणजे इवलीशी चूक एका मिनिटात सतरा पट होते आणि रेषीय हिशेबाने पाच मिनिटांत दहा लाख पटीच्या पुढे जाते. जॅकेट ३०० वर धरून नुसतं सिम्युलेशन सोडलंत, तर राउंडिंगची चूकसुद्धा पुरते. रिॲक्टर एक तर भडकतो, नाही तर थंड होत ३२४.५ वर जाऊन बसतो.

सिंगल शूटिंग इथे का लटपटतं तेही यातच आलं. त्यात फक्त २० कंट्रोल अज्ञात असतात, अवस्था सिम्युलेशनमधून निघतात. पहिल्या मिनिटातला जॅकेटचा एक दशांश केल्व्हिनचा बदल शेवटच्या मिनिटात प्रचंड होऊन बाहेर पडतो. सॉल्व्हरला तो उतार कड्यासारखा दिसतो. बॉक आणि प्लिट यांनी १९८४ मध्ये मांडलेली मल्टिपल शूटिंगची पद्धत, किंवा आपण घेतलंय ते कोलोकेशन, यांत मधल्या अवस्थाही अज्ञात म्हणून सोडलेल्या असतात, त्यामुळे चूक एका भागापुरती अडकून राहते. आपल्या भागाची लांबी पाव मिनिट, तेवढ्यात वाढ दुपटीइतकीच. अस्थिर प्लांट असेल आणि कोणी सिंगल शूटिंग वापरून ‘कन्व्हर्ज होत नाही’ म्हणत असेल, तर पुढे काही विचारायची गरज नसते.

मग अंदाज? सर्वांत साधा: तापमान ३२४.५ ते ३५० सरळ रेषेत, सांद्रता ०.८७७ ते ०.५ सरळ रेषेत, जॅकेट सगळीकडे ३००. भौतिकशास्त्राला हे मान्य नाही, समीकरणं पाळली जाणार नाहीत, पण सगळे आकडे त्या रिॲक्टरच्या जगातले आहेत. घातांक जिवंत आहे, उतार खरे आहेत. एवढ्यावर अशी मॉडेल बहुतेक वेळा सुटतात. नाही सुटलं, तर सिम्युलेशनमध्ये एक कामचलाऊ प्रपोर्शनल कंट्रोलर घाला: तापमान ३५० च्या वर जाईल तितकं जॅकेट खाली. या आकड्यांना त्या बिंदूभोवती स्थिर करायला गुणांक १.१४ च्या वर लागतो, २ ठेवा. मिळेल ती वाट वेडीवाकडी असेल. असू दे, ती आपल्याला अंदाजापुरतीच हवी आहे.

वॅट आणि मोल एका पारड्यात

स्केलिंगवर सगळे बोलतात आणि कोणी करत नाही, मीही बरीच वर्षं केलं नाही. तेच मॉडेल एसआय एककांत, भागाकार न करता, ‘जसं पुस्तकात आहे तसं’ लिहून बघा. ऊर्जेच्या समीकरणात जॅकेटकडे जाणारी उष्णता गरम बिंदूवर ४१,६६७ वॅट. वस्तुमानाच्या समीकरणात बाहेर पडणारा प्रवाह ०.८३ मोल प्रति सेकंद. पन्नास हजार पट फरक, आणि दोघांना लावायचा टॉलरन्स एकच, १० चा वजा ८ वा घात. एका समीकरणाला हा टॉलरन्स वाजवी आहे, दुसऱ्याला तो सोनाराच्या काट्यावर ट्रक मोजण्यासारखा.

“पण आयपॉप्ट स्वतःच स्केलिंग करतो ना?” करतो. ज्या ओळीचा ग्रेडियंट १०० च्या वर आहे ती खाली आणतो. मात्र हे माप तो एकदाच घेतो, सुरुवातीच्या बिंदूवर. तुमचा सुरुवातीचा बिंदू १ केल्व्हिनचा असेल, तर तो १ केल्व्हिनच्या जगाचं माप घेतो आणि शेवटपर्यंत तेच वापरतो. वाईट अंदाजाची शिक्षा अशी दोनदा भोगावी लागते.

उपाय फार मोठा नाही. ऊर्जेचं समीकरण उष्माधारकतेने भागून केल्व्हिन प्रति मिनिट करा. तापमान थेट न ठेवता ३५० अधिक २५ गुणिले काहीतरी असं लिहा, ते ‘काहीतरी’ वजा एक ते एकच्या आसपास खेळेल. आणि अऱ्हेनियसचा तो ७.२ गुणिले १० चा १० वा घात कोडमधून काढून टाका. ३५० केल्व्हिनला वेग-स्थिरांक १ आहे हे आपल्याला माहीत आहे. तोच आधार धरून सूत्र लिहा: एक गुणिले ई चा घात, आणि घातात वजा ८७५० गुणिले, एक भागिले तापमान वजा एक भागिले ३५०. गणित तेच, पण प्रचंड मोठा गुणिले अतिसूक्ष्म असा गुणाकार गेला. मॉडेलिका या मॉडेलिंगच्या भाषेत लिहीत असाल तर प्रत्येक व्हेरिएबलला ‘नॉमिनल’ आणि ‘स्टार्ट’ द्या. या दोन गोष्टी भाषेत त्यासाठीच आहेत, आणि बहुतेक फाइलींत त्या रिकाम्या असतात.

तरीही रिस्टोरेशन

लॉगमध्ये इटरेशनच्या आकड्याला ‘आर’ अक्षर चिकटलेलं दिसलं की समजायचं, सॉल्व्हरने उद्दिष्ट बाजूला ठेवलंय. पुढे पाऊल टाकायला जागा नाही, म्हणून आता फक्त कॉन्स्ट्रेंट्स किती मोडताहेत ते कमी करायच्या मागे तो लागला आहे. वेख्टर आणि बीग्लर यांनी २००६ च्या पेपरात मांडलेल्या पद्धतीचाच हा भाग, बिघाड नव्हे. दोन-चार ‘आर’ येऊन परत साधी इटरेशन सुरू झाली तर घाबरायचं कारण नाही. ‘आर’च्या ओळींवर ओळी लागल्या आणि ‘आयएनएफ पीआर’चा (कॉन्स्ट्रेंट्स किती मोडताहेत ते दाखवणारा) रकाना एकाच आकड्यावर अडून बसला, तर मी असं करतो.

आधी मॅक्स आयटर शून्य ठेवून रन. सॉल्व्हर सुरुवातीच्या बिंदूवरच्या किमती काढून तिथेच थांबतो. मग ऑप्टीच्या डीबगमधलं ‘शो इनफीझिबिलिटीज’ चालवून कोणती ओळ सर्वांत जास्त मोडली आहे ते पाहतो. अंदाज मॉडेलच्या जगातला असेल तर मोडतोड सगळ्या भागांत पसरलेली दिसते. एकाच ओळीत राक्षसी आकडा असेल, तर ती ओळ चुकीची लिहिली आहे: चिन्ह उलटं, एकक भलतं, किंवा मिनिटाच्या जागी सेकंद.

मग कंट्रोल गोठवतो, उद्दिष्ट आणि मर्यादा काढून टाकतो. उरतात १६२ अज्ञात, १६२ समीकरणं, म्हणजे निव्वळ सिम्युलेशन, फक्त सॉल्व्हर आयपॉप्ट. हे सुटलं नाही तर ऑप्टिमायझेशनचा विचारसुद्धा करू नका. मॉडेलमध्ये दोष आहे. हे सुटलं, तर ते उत्तर अंदाज म्हणून घेऊन कंट्रोल मोकळा करतो, मग उद्दिष्ट घालतो, मग मर्यादा एकेक करून. जी घातल्यावर गाडी बसते, ती गुन्हेगार. सुटण्यासारखा प्रश्नच नव्हता, हे कधी कधी इथे कळतं. जॅकेटला वरची मर्यादा ३०५ आणि वेळ एकच मिनिट दिलं, तर कोणताही सॉल्व्हर थंड रिॲक्टर गरम करून देणार नाही.

बाकीचे प्रकार थोडक्यात. मॉडेलमध्ये इफ-एल्स, ॲब्सोल्यूट, मॅक्स-मिन असतील तर उतार तुटतात. ॲब्सोल्यूटच्या जागी वर्गाचं वर्गमूळ घ्या, आत एक छोटी संख्या मिळवून. तक्त्यावरून किंमत काढत असाल तर लिनिअर इंटरपोलंट सोडून बी-स्प्लाइन वापरा, कारण आयपॉप्टला दुसरा डेरिव्हेटिव्हही लागतो आणि सरळ तुकड्यांचा तो शून्य असतो. उत्तर येतंय पण कंट्रोल करवतीच्या दात्यांसारखा वर-खाली उडतोय, तर उद्दिष्टात कंट्रोलचा उल्लेखच नसावा. दोन शेजारच्या किमतींच्या फरकाच्या वर्गाला छोटं वजन द्या. एमए२७ (एमए५७ चाच भाऊबंद) मागितल्यावर एचएसएलची लायब्ररी सापडत नाही अशी ओरड आली, तर तो वेगळा परवाना घेऊन बसवायचा भाग आहे. २०० व्हेरिएबलच्या प्रश्नाला त्याच कामाचा मम्प्स भरपूर झाला. गेको ही पायथन लायब्ररी वापरत असाल आणि नेट गेलं की मॉडेल बंद पडत असेल, तर ‘रिमोट’ फॉल्स करा. डीफॉल्टला ते मॉडेल बाहेरच्या सर्व्हरवर पाठवून सोडवतं, आणि ही गोष्ट कंपनीतल्या माणसाने तर पहिल्याच दिवशी माहीत करून घ्यावी. आणि जेमॉडेलिका या मॉडेलिकाच्याच दुसऱ्या साधनाच्या जुन्या नोट्स धरून बसला असाल, तर २०१९ च्या अखेरीस त्याचं मुक्त प्रकाशन थांबलं. त्या फाइली ओपनमॉडेलिकात किंवा कॅसाडीत आणण्यात गेलेला आठवडा नंतर भरून निघतो.

एकदा चालतं, चाळिसाव्या वेळी पडतं

एमपीसीच्या (मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोलच्या) लूपमध्ये तोच प्रश्न दर काही सेकंदांनी सोडवायचा असतो, आणि तिथला बिघाड आणखी फसवा. तासभर सुरळीत, मग मध्येच एक ‘लोकल इनफीझिबिलिटी’, मग पुन्हा सुरळीत. इथे दोन गोष्टी बघायच्या.

पहिली, मागचं उत्तर अंदाज म्हणून देताय, पण आयपॉप्ट ते घेतोय का? नुसतं व्हेरिएबलचं उत्तर दिलं आणि ‘वॉर्म स्टार्ट इनिट पॉइंट’ बंदच राहिला, तर तो म्यू ०.१ पासून सुरू करतो, बिंदू सीमांपासून आत ढकलतो, आणि तुमचं चांगलं उत्तर पहिल्याच पावलाला विस्कटतो. ऑप्शन चालू करा, मल्टिप्लायरही (प्रत्येक मर्यादा उद्दिष्टाला किती महागात पडते ते सांगणारे आकडे) द्या, म्यूची सुरुवात बरीच लहान करा, बाउंड पुश कमी करा, आणि मागचं उत्तर एक भाग पुढे सरकवून द्या.

दुसरी, मोजलेलं तापमान. मर्यादा ३५५, रिॲक्टर ३५४.९ वर चाललाय, सेन्सरच्या गोंगाटाने एका क्षणी ३५५.२ वाचलं. सुरुवातीची अवस्था ३५५.२ ला बांधली आणि त्याच बिंदूवर ३५५ ची मर्यादाही लावलेली. प्रश्न जन्मतःच अशक्य. रिॲक्टरला काहीही झालेलं नाही, पण कंट्रोलर त्या क्षणी हात वर करतो. मर्यादा पहिल्या बिंदूवर लावूच नका, पुढच्या बिंदूंवर लावा. आणि तिथेही ती सैल ठेवा, म्हणजे ओलांडायला परवानगी पण ओलांडल्याचा दंड उद्दिष्टात. दंड वर्गाने नको, सरळ प्रमाणात घ्या. वजन त्या मर्यादेच्या मल्टिप्लायरपेक्षा जास्त असेल, तर जिथे मर्यादा पाळणं शक्य आहे तिथे ती नेमकी पाळली जाते, वर्गाच्या दंडात नेहमी थोडीशी ओलांडली जाते आणि मग “हे ३५५.०३ का येतंय” असा नवा मेसेज येतो.

एवढं करूनही अडलं, तर जरूर पाठवा. फक्त लॉग पूर्ण पाठवा, अगदी पहिल्या ओळीपासून, टेक्स्ट फाइलमध्ये. शेवटच्या तीन ओळींचा फोटो नको.